धिं आणि तिं यांतला फरक ऐकू येतोय का, ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६८ वर्षांचे, रोज दोन-तीन तास ख्याल ऐकतात, त्यांच्यासाठी हजार रुपयांच्या आतले इन-इअर, म्हणजे कानाच्या नळीत बसणारे इअरफोन घ्यावेत, की चार हजार मोजल्याशिवाय गाण्यासारखा आवाज मिळतच नाही?

हजाराच्या आतले घ्या, वायरवाले घ्या. आणि पाकिटात इअरफोनच्या टोकाला लावायच्या लहान-मध्यम-मोठ्या रबरांची जी जादा जोडी येते, ती जपून ठेवा. आवाजाचा निम्मा निकाल त्या रबरांवर लागतो.

आम्ही ग्वाल्हेरचे, शहरातल्या लष्कर भागात राहतो. मी लहानपणी सहा-सात वर्षं तबला शिकलो. आई गाणं शिकलेली. तानसेन समारोहाला दर डिसेंबरात हजिऱ्याला समाधीपाशी जाऊन रात्र रात्र बसायची. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून घरीच रात्री फोनवर जुनी ध्वनिमुद्रणं ऐकते. बाड्याजवळच्या दुकानातून मी तिला साडेसहाशेचे इअरफोन आणले (आमच्याकडे दुकानात ‘लीड’ म्हटलं की तेच देतात). पहिल्याच रात्री ती म्हणाली, “अरे, ठेक्यात भरी कुठेय? सगळं खालीच वाजतंय.” (तबल्याच्या जोडीतला खर्जाचा डग्गा वाजतो ती भरी, जसा ‘धिं’. तो उचलला की खाली, जसा ‘तिं’.)

मला वाटलं स्वस्त माल, म्हणून अठराशेचे आणले. तक्रार तीच. मग एकदा विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल ऐकताना तिने सहज डाव्या कानातला बोंडा बोटाने आत दाबून धरला आणि म्हणाली, “हां, आता आला डग्गा.” मी डाव्या बाजूला मोठं रबर लावलं, उजवीकडे मध्यमच ठेवलं. माणसाचे दोन कान एका मापाचे असतातच असं नाही, हे मला तेव्हा कळलं. ते लावून साडेसहाशेचे परत काढले, तर तेही छान वाजायला लागले. आजही ती तेच वापरते.

यामागचं कारण साधं आहे. या इअरफोनमधला पडदा जेमतेम दहा मिलीमीटरचा. खोलीतली हवा हलवून खर्ज ऐकवणं त्याच्या ताकदीबाहेर आहे. पण कानाची नळी रबराने बंद झाली, की आत उरलेल्या चिमूटभर हवेवर तो व्यवस्थित दाब देऊ शकतो. रबराच्या कडेला बारीक फट राहिली की हा दाब बाहेर निसटतो, आणि पहिला जातो तो खालचा आवाज. डग्ग्याचा घुमारा शंभर हर्ट्झच्या अलीकडे-पलीकडे असतो, तो जातो. चाटेवरचा टणत्कार मात्र शाबूत राहतो. म्हणून तीनतालात ‘धा तिं तिं ता’ला डग्गा उचलल्याचं जे कळायला हवं, ते कळत नाही. धिं आणि तिं एकसारखे ऐकू येतात.

हीच परीक्षा करा. वडिलांच्या ओळखीचं, साध्या तीनतालाच्या ठेक्याचं ध्वनिमुद्रण लावा आणि डोळे मिटून त्यांना खाली-भरी सांगायला सांगा. जमलं नाही तर इअरफोनला नावं ठेवण्याआधी रबर बदला. घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची म्हणजे नळी सरळ होते आणि बोंडा नीट बसतो. सिलिकॉनचं कुठलंच माप बसत नसेल तर फोमची मिळतात. ती बोटांत चेपून आत घालायची आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायची.

दुसरी परीक्षा आवाज मधोमध बसतो का याची. जुनी ध्वनिमुद्रणं मोनो असतात, दोन्ही कानांत तंतोतंत एकच आवाज जातो. त्यामुळे गवई डोक्याच्या बरोबर मध्ये बसल्यासारखा वाटायला हवा. तो एका बाजूला सरकला तर इअरफोन उलटसुलट घालून पाहा, डावा उजवीकडे. गवईही बाजू बदलत असेल तर दोष मालात आहे. स्वस्त मालात दोन बाजू सारख्या नसणं हा नेहमीचा दोष, तेव्हा परत करा. गवई तिथेच राहिला तर रबर किंवा कान.

आता किमतीबद्दल. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब. उघड्या कानात ती तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप वाढवून देते आणि आपल्याला जन्मापासून त्याची सवय असते. इअरफोनने नळी बंद केली की ही वाढ बिघडते, म्हणून बनवणाऱ्याला ती आवाजात आधीच घालावी लागते. कमी घातली तर गाणारा रजईखालून गातोय असं वाटतं. जास्त घातली तर तारसप्तकात आवाज टोचतो. हे प्रमाण जुळवणं म्हणजे इअरफोनचा सूर लावणं. त्याला महाग सामान लागत नाही, मेहनत आणि मोजमाप लागतं. २०२२ मध्ये आलेले मूनड्रॉपचे चू किंवा सेव्हनहर्ट्झचे झिरो बघा. प्रत्येक कानात साधा एकच ड्रायव्हर (आवाज काढणारा पडदा), परदेशात तेव्हा किंमत वीस डॉलरच्या घरात, आणि तरी सूर नेटका लावलेला. उलट ‘एका कानात पाच ड्रायव्हर’ असं खोक्यावर छापलेलं असेल तर त्याला भुलू नका. पाच वादक बसवले म्हणून ते सुरात वाजतीलच असं नाही.

खोक्यावरच्या ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ला पण अर्थ नाही. त्या पट्टीत कुठे किती चढ आणि कुठे किती उतार, हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा कुठल्याही इअरफोनवर छापता येतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा: ‘एक्स्ट्रा बास’. पुरुष गवयाचा सा काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) धरला तर मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झ, तार षड्ज २७७. म्हणजे अख्खं मध्य सप्तक नेमकं त्याच भागात येतं, जिथे असे इअरफोन बनवणारे खालचा आवाज फुगवून ठेवतात. आमच्या ग्वाल्हेर गायकीचं सगळं वैभव मोकळ्या, खुल्या आकारात, म्हणजे ‘आ’ लावून गाण्यात आहे. फुगवलेल्या इअरफोनवर तोच आकार घागरीत तोंड घालून लावल्यासारखा येतो. डग्गा हवा, पण गवयाच्या गळ्यावर बसलेला डग्गा नको. विकत घेताना एक विलंबित ख्याल लावा आणि मध्य सप्तकातला गंधार-मध्यम सा-इतकाच स्वच्छ येतोय का, ते बघा.

तानपुरा मात्र खालच्या आवाजाची परीक्षा घ्यायला फारसा उपयोगी नाही. खर्जाच्या तारेतही मूळ स्वरापेक्षा वरचे अंतर्गत स्वर भरपूर असतात. मूळ स्वर इअरफोनने गाळला तरी कान वरच्या स्वरांवरून तो मनातच पुरा करतो आणि आपण फसतो. जवारी, म्हणजे तारांचा झणकार ऐकायला मात्र तानपुराच लावा. ती रेशमासारखी सुटी सुटी यायला हवी. झाकली गेली तर वरचा भाग कमी आहे, काचेसारखी किरकिरली तर जास्त आहे.

वडील फार जुनं ऐकत असतील, म्हणजे तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या, तर महागाचा आग्रह आणखीच सोडा. १९२५ च्या आधी ध्वनिमुद्रण भोंग्यात गाऊन व्हायचं. तेव्हाच्या तबकडीत अगदी खालचं आणि अगदी वरचं काही उतरलेलंच नाही. तिथे चकचकीत इअरफोन फक्त खरखर मोठी करून दाखवतो. आई म्हणते ते मला पटतं: ज्या इअरफोनवर खरखर मागे राहते आणि गळा पुढे येतो, तो आपला.

ब्लूटूथ या किमतीत मी नको म्हणतो. त्याच हजारात बॅटरी, चिप, माइक, डबी एवढं सगळं बसवायचं असतं, सूर लावायला काय उरणार? फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचा छोटा जोड मिळतो, त्यात डीएसी (फोनमधल्या आकड्यांचा आवाज करणारी चिप) आहे ना, एवढं विचारून घ्या. वेगळा अँप्लिफायर लागत नाही. १६ ते ३२ ओमचे इअरफोन फोन सहज वाजवतो.

वडील स्वतः गात असतील तर एक सांगतो. कान असे बंद करून गायलं की आपलाच आवाज हाडांतून आत घुमतो आणि सूर नीट कळत नाही. आईने फोनवरचा तानपुरा कानात लावून एकदा आलाप करून पाहिला आणि दोन मिनिटांत काढून ठेवला. रियाजाला एक कान मोकळा ठेवा, किंवा सरळ छोटा स्पीकर घ्या.

वयाबद्दलही मोकळेपणाने बोलतो, कारण तुम्ही वडिलांसाठी विचारताय. या वयात वरचे आवाज कमी ऐकू येतात, त्यामुळे ‘जवारी झाकलेली वाटते’ ही तक्रार इअरफोनची नसूही शकते. तुम्हाला सुटी ऐकू येते आणि त्यांना नाही, असं झालं, किंवा एका कानाने स्पष्ट कमी ऐकू येतंय असं वाटलं, तर कानाच्या डॉक्टरांना आधी दाखवा. आवाज वाढवत नेणं हा त्यावरचा उपाय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत अशी आहे. रबर नीट बसलं की पंख्याचा, रस्त्याचा गोंगाट बाहेर राहतो आणि आवाज आपोआप कमी ठेवता येतो. त्याच कारणाने रस्त्यावर ते कानात नकोत, हॉर्न ऐकू येत नाही.

आणि पाच-सहा महिन्यांनी एका बाजूचा आवाज मंद झाला तर लगेच नवे घेऊ नका. रबर काढा, इअरफोनच्या तोंडावरची बारीक जाळी उजेडात धरा. बहुतेक वेळा कानातल्या मळाने ती बुजलेली असते. तोंड खाली करून कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडा. पाणी नको, टाचणी तर मुळीच नको. आईचे साडेसहाशेचे इअरफोन दोनदा असे ‘बिघडले’, आणि दोन्ही वेळा ब्रशने झाडल्यावर नीट झाले.