सासऱ्यांच्या गॅरेजातली १९५२ ची जोवेट जॅव्हेलिन : दुरुस्त करून विकावी की आहे तशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सासरे साठच्या दशकात डॉक्टर म्हणून इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला आले आणि तिथलेच झाले. ते गेल्यावर आता घर रिकामं करायचंय. गॅरेजात १९५२ ची जोवेट जॅव्हेलिन आहे, ती १९९४ पासून हललेली नाही. खालून गंजलेली, इंजिन फिरत नाही, एक हेडलाइट गायब. एका व्यापाऱ्याने आठशे पौंड देऊ केलेत. गाडी दुरुस्त करून विकावी का, आणि ‘दुर्मीळ’ म्हणून चांगले पैसे येतील का?

आहे तशीच विका. आठशेला मात्र इतक्यात हो म्हणू नका. आणि जाहिरातीत गाडीचे सगळे दोष तुम्हीच आधी सांगून टाका. मी डर्बीजवळ राहतो, आठवडाभर नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी या जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या खाली आडवा पडलेला असतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी दुर्मीळपणाचं. जोवेट ही ब्रॅडफर्डची स्वतःची गाडी. आयडल भागात तिचा कारखाना होता, त्या जागेवर आता मॉरिसन्सचं सुपरमार्केट आहे. जॅव्हेलिन १९४७ ते १९५३ या काळात निघाली, सुमारे २३ हजार. जेराल्ड पामर या तरुण इंजिनियरने ती कोऱ्या कागदावर आखली होती : १४८६ सीसीचं आडवं चार सिलिंडरचं इंजिन, त्याच्या मागे रेडिएटर, स्प्रिंगांच्या जागी टॉर्शन बार (पिळून धक्का झेलणारे पोलादी दांडे). त्या काळच्या इंग्लिश मध्यमवर्गीय गाड्यांपुढे ही फारच पुढारलेली होती. १९४९ च्या मोंटे कार्लो रॅलीत तिने आपला वर्ग जिंकला. तिची धाकटी बहीण, ज्युपिटर ही स्पोर्ट्स गाडी, १९५०, ५१ आणि ५२ अशी सलग तीन वर्षं ले मान्सच्या शर्यतीत वर्गविजेती ठरली.

एवढं सगळं असून पैसे मात्र फार नाहीत. ज्युपिटर जेमतेम नऊशे बनल्या, जॅग्वार ई-टाइप ७० हजारांहून जास्त, तरी ई-टाइपची किंमत ज्युपिटरच्या कितीतरी पट असते. कारण सरळ आहे : ई-टाइपचं पोस्टर लहानपणी भिंतीवर लावलेले लोक हजारोंनी आहेत, आणि जॅव्हेलिन ओळखणारे सगळे मिळून एका लग्नाच्या हॉलात मावतील. शिवाय तो हॉल भरलाय तो बहुतेक सत्तरीच्या मंडळींनी. किंमत गाड्यांच्या संख्येवर नाही, घेणाऱ्यांच्या संख्येवर ठरते. तेव्हा ‘अत्यंत दुर्मीळ’ हे शब्द जाहिरातीत घालूच नका. ज्याला गाडी हवी आहे त्याला ते माहीत असतं, आणि ज्याला माहीत नाही तो घेणार नाही.

आता दुरुस्तीचं. जॅव्हेलिनला वेगळी चासी नाही, खोकं आणि सांगाडा एकच. म्हणजे दाराखालच्या पट्ट्या, तळाचा पत्रा आणि टॉर्शन बार जिथे बसतात तो भाग सडला असेल तर ते नुसतं दिसण्याचं काम राहत नाही, गाडीचा कणाच बदलावा लागतो. इंजिनाच्या लायनरभोवती (सिलिंडरच्या आतल्या नळ्यांभोवती) पाणी खेळतं, आणि खालचं सील गेलं की ते पाणी तेलात उतरतं. डिपस्टिक काढून बघा : तेल दुधाळ दिसलं तर समजा तेच झालंय. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, तुटणं ही या इंजिनाची जुनी बदनामी. उत्पादनाच्या अगदी शेवटी कंपनीने जास्त मजबूत क्रँकशाफ्ट आणला आणि दुखणं बरंचसं मिटलं, पण तोवर कंपनीच संपत आली होती. गिअरबॉक्सचंही तसंच. बाहेरून घेण्याऐवजी स्वतः बनवायला गेले आणि हात पोळले.

पत्राकाम, इंजिन, रंग, आतलं कापड आणि चामडं, एवढं पैसे देऊन करून घेतलंत तर खर्च तयार गाडीच्या बाजारभावाच्या पुढे जातो. हौशी माणूस हे काम स्वतःच्या हाताने, स्वतःचे रविवार खर्चून करतो आणि त्या रविवारांचा हिशेब धरत नाही, म्हणून त्याला ते परवडतं. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट दुरुस्ती. पुट्टी भरून वर काळा रंग फासलेली पट्टी बघितली की जाणकार मागे सरतो, कारण आत काय झाकलंय हे त्याला कळत नाही. उघडा गंज परवडला.

करायचं ते एवढंच. उंदरांची घरटी आणि लेंड्या काढा, मास्क लावून. टायरात हवा भरा, आणि हवा टिकत नसेल तर कुठली तरी चालतील अशी चाकं मिळवा. ढकलता येणारी गाडी आणि चार माणसांनी खरवडत ओढायची गाडी यांच्या भावात खरोखर फरक पडतो. इंजिन ‘जरा बॅटरी लावून बघू’ असं कोणी पुतण्या-भाचा म्हणाला तर त्याला चहा द्या आणि परत पाठवा. तीस वर्षं बसलेलं इंजिन जबरदस्तीने फिरवलं की जे शाबूत आहे तेही मोडतं. हल्ली काही जण धूळ मुद्दाम ठेवतात, ‘गोठ्यात सापडलेली’ दिसावी म्हणून. मला तो नाटकीपणा आवडत नाही, पण पॉलिश तरी करू नका, जुना मूळ रंग निघून येईल.

दोष आधी सांगा म्हणालो त्यामागे एक अनुभव आहे. हडर्सफील्डला एका ओळखीच्या बाईंची जॅव्हेलिन विकायला मी मदत केली होती. जाहिरातीत आम्ही प्रत्येक भोकाचा जवळून फोटो दिला, बाजूला फूटपट्टी धरून. बघायला आलेले गृहस्थ डांगरी घालूनच उतरले. रंगाकडे, चामड्याकडे ढुंकून पाहिलं नाही. थेट जमिनीवर आडवे झाले, कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पट्टीवरून फिरवलं, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठकठक करत पुढून मागे गेले. हातात आमच्या जाहिरातीचा छापील कागद, आणि एकेका दोषापुढे ते पेन्सिलीने बरोबरची खूण करत होते. शेवटी उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, ‘यादीत नसलेलं काही सापडलं नाही.’ मग सांगितलेलीच रक्कम दिली. घासाघीस करायला त्यांच्या हातात काही उरलंच नव्हतं.

कायद्यानेही तेच सोयीचं आहे. खासगी विक्रीत ‘जशी आहे तशी’ लिहिलं तरी वर्णन खोटं निघालं तर तुम्ही अडकता. मात्र सडलेलं सडलेलं म्हणून विकलं तर कोणी परत येत नाही.

आता त्या व्यापाऱ्याकडे वळू. तो वाईटच असेल असं नाही, पण गाडीचा नंबर बघा. शेवटची दोन अक्षरं एके, केयू, केडब्ल्यू किंवा केवाय असतील तर तो ब्रॅडफर्डचा जुना नंबर आहे. असे वर्ष न दाखवणारे जुने नंबर इथे वेगळे विकले जातात, आणि काही व्यापाऱ्यांचा डोळा गाडीपेक्षा पाटीवर असतो. नंबर दुसऱ्या गाडीवर हलवायला डीव्हीएलएच्या (इथल्या वाहन नोंदणी कार्यालयाच्या) अटी आहेत, सरसकट जमत नाही. पण माझ्या मते तुम्हीही तो हलवू नका. ब्रॅडफर्डला बनलेली, ब्रॅडफर्डचाच नंबर घेतलेली आणि ब्रॅडफर्डच्या डॉक्टरांकडे राहिलेली जोवेट, ही गोष्ट घेणाऱ्याला हवीच असते.

म्हणून कागद शोधा. व्ही५सी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, तर हवंच, पण सासऱ्यांच्या कपाटात जुनं लॉगबुक, गॅरेजची बिलं, एमओटीचे (वार्षिक तपासणीचे) जुने दाखले, गाडीपुढे उभं राहून काढलेले फोटो असतील तेही एका फाइलीत लावा. व्ही५सी हरवलं असेल तर नवीन मागवता येतं. गाडी ३१ जानेवारी १९९८ च्या आधीपासून रस्त्याबाहेर असेल आणि मालक बदलला नसेल तर तुम्हाला सॉर्नची, म्हणजे गाडी रस्त्याबाहेर असल्याचं सरकारला कळवायची, भानगड नाही. ती घेणाऱ्याने बघायची. चाळीस वर्षांवरच्या, फारसे फेरफार न केलेल्या गाड्यांना एमओटी आणि रोड टॅक्स माफ आहे. हे जाहिरातीत ठळक लिहिणारे पुष्कळ दिसतात. ती काही तुमच्याच गाडीची खासियत नव्हे. विकायचा अधिकार मृत्युपत्रातल्या व्यवस्थापकाचा असतो, तेव्हा सही त्यांची. गाडीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण सासऱ्यांच्या मालमत्तेच्या हिशेबात तिची किंमत धरावी लागते.

कुठे विकावी? सर्वात आधी जोवेट कार क्लबला लिहा. ही मंडळी सुट्या भागांपासून जुन्या नोंदींपर्यंत सगळं सांभाळून आहेत, आणि तुमची गाडी कोणाला हवी आहे हे त्यांच्यातल्या कोणाला तरी बहुधा ठाऊक असेल. चासी नंबरही त्यांना कळवा. जोवेटच्या नंबरात वर्ष लिहिलेलंच असतं : ‘ई’ म्हणजे पन्नासचं दशक आणि पुढचा आकडा वर्षाचा. तुमचा ‘ई२’ने सुरू व्हायला हवा. इंजिनाचा नंबर जुळत नसेल तर घाबरू नका, यातल्या कितीतरी गाड्यांना बदली इंजिनं बसली आहेत, फक्त तसं लिहा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्येही जोवेटवाले आहेत, पण बंद गाडी जहाजातून नेणारा विरळा.

क्लबमधून महिनाभरात जमलं नाही तर लिलाव. यॉर्कशरमध्येच थॉर्नटन-ल-डेलला मॅथ्यूसन्स आहेत, त्यांच्याकडे असल्या गॅरेजातून निघालेल्या गाड्या नेहमी येतात. कमिशन, गाडी लिलावात ठेवायचं शुल्क आणि गाडी उचलून न्यायचा खर्च आधी लेखी विचारा. राखीव किंमत (जिच्याखाली गाडी विकायची नाही ती) ठेवायचीच तर अगदी खालची ठेवा. उंच राखीव किमतीला न विकली गेलेली गाडी पुढच्या लिलावात सगळ्यांना आठवते.

पैसे बँकेत जमा झाल्याचं स्वतः बघितल्याशिवाय किल्ली देऊ नका. ‘जास्त रक्कम पाठवतो, उरलेले वाहतूकवाल्याला द्या’ म्हणणारा हमखास ठग. व्यवहार झाला की व्ही५सीतला नव्या मालकासाठीचा हिरवा तुकडा त्याला द्यायचा आणि डीव्हीएलएला ऑनलाइन कळवून टाकायचं.

आणि घर रिकामं करणाऱ्यांना बोलवण्याआधी गॅरेजातली फळी, पोटमाळा आणि बिस्किटांचे जुने डबे स्वतः बघा. जोवेटच्या मालकांना भाग जमवून ठेवायची सवय असते आणि तो हेडलाइट बहुतेक तिथेच कुठेतरी असेल. वर्तमानपत्रात गुंडाळलेला एखादा गॅस्केटचा संचही निघाला तर तो गाडीबरोबरच द्या, वेगळा विकायला जाऊ नका.