नदीकाठाचा पुनर्विकास करताना पूरसंरक्षक भिंतीची उंची कशी ठरवावी?

प्रश्न रास्त आहे. मात्र उंचीच्या आधी नदीला किती रुंदी सोडायची, हे ठरवावे लागते. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता असलेला पूर. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते, आणि हा आकडा निर्णय घेणाऱ्यांसमोर क्वचितच ठेवला जातो. नदीचे पात्र भिंतींनी आवळले की तेवढेच पाणी अधिक उंचीने वाहते, नाल्यांच्या मुखांतून उलटे वस्तीत शिरते आणि काठावर मिळवलेल्या जमिनीची किंमत वरच्या अंगाची वस्ती मोजते. नेदरलँड्समधील नायमेखन येथे १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर नेमके उलटे केले गेले: वाल नदीचा बांध सुमारे ३५० मीटर मागे नेऊन जोडप्रवाह (मुख्य पात्राला समांतर दुसरा प्रवाहमार्ग) खोदला गेला, त्यासाठी काही घरे हटवावी लागली, परंतु पुराची पातळी सुमारे ३५ सेंटीमीटरने उतरली. विक्रीयोग्य जमीन किती हवी हे आधी ठरवून मग पूररेषा आखली असेल (आणि असे सर्रास होते), तर जलशास्त्रीय अहवाल केवळ जोडपत्र म्हणून उरतो.