आधी कराराची शेवटची पानं वाच

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

आयात-निर्यातीच्या खरेदी विभागात रुजू होताना तू विचारलंस, की महामारीनंतर परदेशी व्यापार निसर्गाला सोसेल आणि माल बनवणाऱ्यालाही न्याय देईल असा करायचा, तर सुरुवात कुठून करायची. धोरणाच्या पुस्तिका बाजूला ठेव आणि खरेदीचा करार उघड. त्याची शेवटची पानं आधी वाच. पैसे कधी मिळणार, ऑर्डर कोण रद्द करू शकतं आणि उशिराचा भुर्दंड कोणाच्या माथी, हे तिथेच लिहिलेलं असतं.

2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये दुकानं बंद झाली आणि बड्या खरेदीदारांनी कपड्यांच्या ऑर्डरी धडाधड रद्द केल्या. त्यातला काही माल शिवून, खोक्यांत भरून तयार होता. एकट्या बांगलादेशातल्या कारखानदारांच्या संघटनेने रद्द झालेल्या किंवा अडकलेल्या ऑर्डरींचा आकडा 3 अब्ज डॉलरच्या वर सांगितला होता. हे इतकं सोपं का गेलं? कापड, रंग, मजुरी हा सगळा खर्च कारखान्याने आधीच केलेला असतो. पैसे मात्र माल जहाजावर चढल्यावर 60 किंवा 90 दिवसांनी येतात. एलसी, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची पैशांची हमी, नसेल, नुसती उधारी असेल, तर मधल्या काळातली सगळी जोखीम कारखान्याची, म्हणजे शेवटी कामगाराच्या पगाराची. म्हणून करारात स्पष्ट लिहून घे: कापड कापल्यानंतर ऑर्डर रद्द झाली, तर कच्चा माल आणि झालेल्या कामाची मजुरी खरेदीदार देईल. आपत्तीचं कलम, म्हणजे हाताबाहेरच्या संकटात करार पाळण्यातून सूट देणारं कलम, दोन्ही बाजूंना सारखंच लागू राहील. आणि मागणी घटली, ही आपत्ती धरली जाणार नाही. हे तिसरं वाक्य वाटाघाटीत सगळ्यात आधी खोडलं जातं. ते सोडू नकोस.

आता मजुरी. एका टी-शर्टच्या शिलाईचा प्रमाणित वेळ, ज्याला कारखान्यात सॅम म्हणतात, 12 मिनिटं धरू. शिलाईची लाइन 60 टक्के कार्यक्षमतेने चालत असेल, तर एका नगाला प्रत्यक्षात 20 मिनिटं लागतात. खरेदीदार घासाघीस करताना 80 टक्के गृहीत धरतो आणि 15 मिनिटांचेच पैसे देतो. फरक पाच मिनिटांचा. 50,000 नगांच्या ऑर्डरीत तो चार हजारांहून जास्त तासांचा होतो, आणि हे तास कुठून तरी निघतात: बिनपगारी ओव्हरटाइममधून, नाहीतर ठेका परस्पर दुसऱ्या, कोणी न तपासलेल्या शेडकडे देऊन. म्हणून कॉस्टिंगमध्ये, म्हणजे नगाच्या खर्चाच्या हिशेबात, मजुरीची ओळ वेगळी ठेव, त्या लाइनची खरी कार्यक्षमता विचार, आणि सवलत मागायचीच झाली तर त्या ओळीला हात लावू नकोस.

पर्यावरणाचं नुकसानही बहुतेकदा याच टेबलावर ठरतं. 10 टन माल समुद्रमार्गे 15,000 किलोमीटर न्यायला, टन-किलोमीटरला (एक टन माल एक किलोमीटर नेण्याला) साधारण 15 ग्रॅम धरले, तर सव्वादोन टन कार्बन डायऑक्साइड होतो. तोच माल विमानाने 8,000 किलोमीटर गेला, तर 500 ग्रॅमच्या हिशेबाने 40 टन. विमान का लागतं? खरेदीदार नमुना मंजूर करायला तीन आठवडे उशीर करतो, पण पोचवायची तारीख हलवत नाही. विमानाचं भाडं मात्र कारखान्याच्या बिलातून वजा होतं. करारात एक ओळ घाल: मंजुरीला जितके दिवस उशीर, तितके दिवस पाठवणीची तारीख आपोआप पुढे. धुराला आणि अन्यायाला एकदम आळा घालणारी इतकी स्वस्त ओळ दुसरी नाही.

कॉफी, कोको, रबर, लाकूड यांत काम करावं लागलं, तर युरोपीय संघाचा 2023 चा जंगलतोडविरोधी कायदा तुझ्यापुढे येईल. त्याची अंमलबजावणी लांबत आली आहे, तरी तयारी आत्ताच कर. 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल तिथे चालणार नाही, आणि प्रत्येक शेताचं ठिकाण द्यावं लागेल. 4 हेक्टरपर्यंत एक बिंदू पुरतो, त्यावर पूर्ण हद्द लागते. अक्षांश-रेखांश दशांशाच्या सहा स्थळांपर्यंत हवेत. दोनच स्थळं लिहिली, तर बिंदू किलोमीटरभर इकडेतिकडे होऊ शकतो. दोन चुका हमखास होतात. पहिली, बिंदू शेतात न घेता शेतकऱ्याच्या घराच्या ओसरीवर घेतला जातो. दुसरी, फोनवरच्या नकाशात अक्षांश आधी असतो आणि जिओजेसन फाइलमध्ये, म्हणजे ठिकाणांची माहिती ज्या साच्यात भरतात त्या फाइलमध्ये, रेखांश आधी. अदलाबदल झाली की शेत भलत्याच देशात किंवा समुद्रात जाऊन पडतं. माहिती पाठवण्याआधी सगळे बिंदू एकदा उपग्रहाच्या चित्रावर टाकून डोळ्यांनी बघ.

या मोजणीचा खर्च कोणी करायचा, हा खरा प्रश्न आहे. तो शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेवर ढकलला, तर व्यापारी लहान शेतकऱ्यांना सोडून मोठ्या मळ्यांकडे वळतात. वर्षानुवर्षं जंगलाला धक्का न लावता पीक घेणारेच बाजाराबाहेर फेकले जातात. मोजणीसाठी दर किलोमागे वेगळी रक्कम धर, आणि नकाशाची प्रत शेतकऱ्याच्या हातात दे. फेअरट्रेड या न्याय्य व्यापाराच्या प्रमाणपत्राचा प्रीमियम, म्हणजे वरची रक्कम, असाच वेगळा असतो: कॉफीला पौंडामागे 20 सेंट, किमान भावाच्या वर. भावात मुरवलेला पैसा शेतापर्यंत पोचतोच असं नाही.

पोलाद आणि ॲल्युमिनियमसाठी युरोपची सीमेवरची कार्बन आकारणी, म्हणजे माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावर आयातीच्या वेळी लागणारा आकार, 1 जानेवारी 2026 पासून लागू आहे. छोट्या कारखान्याकडे उत्सर्जनाचे स्वतःचे आकडे नसले, की चढे ठरीव आकडे त्याला चिकटतात. त्याला इंधनाची बिलं, विजेच्या मीटरची नोंद आणि उत्पादनाचे टन दर महिन्याला लिहायला लाव, आणि ते शिकवायला तुमच्याकडचा माणूस पाठव.

पहिले सहा महिने एक तक्ता ठेव. प्रत्येक ऑर्डरीपुढे नमुना मंजूर व्हायची ठरलेली तारीख, प्रत्यक्ष तारीख, पाठवणीची तारीख, विमान लागलं का, आणि लागलं तर भाडं कोणी भरलं. वरिष्ठांशी पहिली बोलणी कर, ती हा तक्ता पुढ्यात ठेवून.

कळावे.