एकच फोल्डर उघडलं की सगळं बंद पडतं

प्रश्न : माझे वडील कीर्तनकार होते. जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवून घेतलेली त्यांची ४६ कीर्तनं डी ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये आहेत. दिवाळीपासून ते फोल्डर उघडलं की वरच्या पट्टीत हिरवी रेघ सरकत राहते आणि खिडकी आपोआप बंद होते. टास्कबार आणि डेस्कटॉपवरचे आयकॉनही गायब होतात, थोड्या वेळाने परत येतात. बाकीची फोल्डरं नीट उघडतात. सगळे व्हिडिओ चालावेत म्हणून दिवाळीत भाच्याने एक कोडेक पॅक (वेगवेगळ्या प्रकारचे व्हिडिओ चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा संच) टाकला होता. दुकानदार म्हणतात, फॉरमॅट मारावं लागेल. विंडोज १० ची मुदत संपली म्हणून असं होतंय का?
– एक वाचक भगिनी, बार्शी

उत्तर : ताई, आधी फॉरमॅटचा विचार बाजूला ठेवा. वडिलांचा आवाज त्या ड्राइव्हवर आहे आणि त्याची दुसरी प्रत असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून पहिलं काम दुरुस्तीचं नाही, प्रत काढण्याचं. त्यासाठी फोल्डर उघडावं लागत नाही. डी ड्राइव्ह उघडा, फोल्डरवर एकदाच क्लिक करा, कंट्रोल-सी दाबा आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर जाऊन कंट्रोल-व्ही. कॉपी मध्येच एखाद्या फाइलवर अडून बसली किंवा डिस्कमधून टकटक आवाज आला, तर तिथेच थांबा. मग आजार डिस्कचा आहे आणि पुढचं काही घरी करू नका.

कॉपी सरळ झाली, तर माझा संशय कोडेक पॅकवर आहे. व्हिडिओंचं फोल्डर उघडताना एक्सप्लोरर, म्हणजे फोल्डर दाखवणारा विंडोजचा प्रोग्रॅम, प्रत्येक फाइलचं छोटं चित्र (थंबनेल) आणि तिची लांबी विचारतो. उत्तर देणारे तुकडे अशा पॅकबरोबर येतात. त्यातले काही वेगळे चालतात, पण काही थेट एक्सप्लोररच्या पोटात शिरून चालतात. असा तुकडा कोसळला की एक्सप्लोररही कोसळतो. टास्कबार आणि डेस्कटॉप हाच प्रोग्रॅम दाखवत असल्यामुळे तेही जातात. तुम्ही दोन्ही गोष्टी नेमक्या टिपल्यात, त्यामुळे अर्धं निदान तुमच्या पत्रातच झालं.

खात्री करायची असेल तर स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करून रिलायबिलिटी हिस्टरी उघडा. ज्या दिवशी बंद पडलं त्या दिवसावर लाल फुली असेल. तिच्यातल्या विंडोज एक्सप्लोररच्या नोंदीवर दोनदा क्लिक केलंत की ‘फॉल्ट मॉड्यूल नेम’, म्हणजे ज्या तुकड्यात बिघाड झाला त्याचं नाव, दिसेल. तिथे एनटीडीएलएल हे नाव आलं तर घाबरू नका. तो विंडोजचाच भाग आहे. पडझड तिथे नोंदली गेली एवढाच त्याचा अर्थ, खरा दोषी बहुधा दुसराच असतो. पण पॅकमधल्या एखाद्या फाइलचं नाव आलं, तर प्रश्नच मिटला.

आता उपाय. सेटिंग्जमधल्या ॲप्समध्ये जाऊन तो पॅक काढा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. व्हिडिओ पाहायला व्हीएलसी हा प्लेअर पुरेसा आहे, त्याचे कोडेक त्याच्या आतच असतात.

तरीही फोल्डर उघडेना, तर त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग कस्टमाइझ, आणि ‘ऑप्टिमाइझ धिस फोल्डर फॉर’मध्ये ‘जनरल आयटम्स’ निवडा. म्हणजे लांबीचा रकाना मागितला जात नाही. शिवाय फोल्डर ऑप्शन्सच्या व्ह्यू टॅबमध्ये ‘ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स’वर टिक करा. एवढ्यावर बहुतेक वेळा फोल्डर उघडतं. उघडलं की २३-२३ फाइलींची दोन फोल्डरं करा, थंबनेल्स परत चालू करा आणि कोणतं फोल्डर पडतं ते पाहा. पडेल त्याचे पुन्हा दोन भाग. पाच-सहा फेऱ्यांत नेमकी फाइल सापडेल. कॅसेटवरून उतरवताना मध्येच वीज गेली असेल, तर अशी अर्धवट फाइल राहून जाते. ती पुसू नका, आधी व्हीएलसीमध्ये लावून पाहा. पुष्कळदा जेवढं उतरलंय तेवढं ऐकू येतं.

‘एसएफसी स्कॅननाऊ’ चालवा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ती आज्ञा विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासते. बाहेरून आलेल्या पॅकला ती हातही लावत नाही.

मुदतीचं म्हणाल तर, १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. धोका आहे तो इंटरनेटवरच्या सुरक्षेचा. मुदत संपली म्हणून एकच फोल्डर पडत नाही.

फॉरमॅटला मी एवढा विरोध करतो, कारण मी स्वतः तो मारलेला आहे. सांगलीत दुरुस्तीचं काम करत होतो तेव्हा एका लग्नाच्या फोटोग्राफरचं मशीन असंच पडत होतं. मी दोन दिवस खर्चून सगळं नव्याने टाकलं आणि शेवटी त्यांच्या सवयीचा तोच कोडेक पॅकही टाकून दिला. संध्याकाळी त्यांनी शूटिंगचं फोल्डर उघडलं आणि माझ्यासमोरच टास्कबार गेला. पॅक काढायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

प्रत काढून झाली की दुसऱ्या डिस्कवरून दोन-तीन कीर्तनं शेवटपर्यंत लावून बघा. मगच पॅकला हात लावा.