दुबईला जाताना मसाल्याचा डबा एकदा उघडून बघा

प्रश्न : आम्ही दोघं दिवाळीनंतर महिनाभर लेकीकडं दुबईला चाललोय, पहिलाच परदेश प्रवास. तिकडं काही झालं तर फोन कुठं लावायचा? पासपोर्ट हरवला तर? आणि बीपीच्या गोळ्या, फराळ नेलेला चालतो का? – एक वाचक भगिनी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : काकू, तिकडं पोलीस 999, अँब्युलन्स 998, आग लागली तर 997. हे एका कागदावर जाड पेननं लिहा, खाली लेकीचा नंबर आणि घरचा पत्ता, आणि एकेक कागद दोघांच्याही खिशात ठेवा, कारण फोन नेमका चार्जिंग संपलेला असताना माणूस चुकतो. इकडचे नंबर +91 लावून सेव्ह करा. आणि हो, व्हॉट्सॲपवर तिथं मेसेज जातात पण कॉल लागत नाही, म्हणून घाबरून जाऊ नका, पोचल्यावर लेकीकडनं तिथलं सिम घ्या.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय कॉन्सुलेट. ते दुबईतच आहे, एम्बसी अबुधाबीला, तिकडं धावू नका. परत येण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, त्यावर फक्त भारतात येता येतं. त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत असू द्या. तिथल्या भारतीयांसाठी हेल्पलाइन आहे, 800 46342, टोल फ्री.

बीपीच्या गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच न्या, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत, डबीत काढून ठेवलेल्या नकोत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडोलसारखी वेदनाशामक गोळी परवानगीशिवाय अजिबात नको, तिथं ते ड्रग्जमध्ये धरतात.

आता फराळ. भडंग, चकली, लाडू खुशाल न्या. पण खसखस नाही! ती अफूच्या बोंडातली, तिथं बंदी आहे, आणि आपल्याला अनारसे खसखशीवर थापल्याशिवाय जमतच नाहीत. त्याहून फसवा आपला कांदा-लसूण मसाला, बऱ्याच घरी त्यात खसखस भाजून पडते आणि कुटल्यावर दिसत पण नाही. लेक मसाला आणच म्हणणार हे गृहीत धरून सांगतो, यंदा तिच्यापुरता एक किलो वेगळा, बिनखसखशीचा कुटून घ्या.