फोटोतल्या प्रत्येकाची सही मागणाऱ्या समितीबद्दल

ऊसतोड कामगारांच्या मुलांनीच फोनवर काढलेल्या फोटोंवर तुमची पीएचडी, आणि संशोधनाची नैतिकता तपासणारी समिती म्हणते फोटोत दिसणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती आणा. वाचून जुनी डोकेदुखी परत उठली. फोटोव्हॉइसची पद्धत (लोकांनीच आपल्या जगण्याचे फोटो काढून त्यांवर बोलायचं), पालकांची परवानगी वगैरे तुम्हाला ठाऊकच असणार, ते सोडून देते.

आमचं काम गोवंडीत, देवनार डम्पिंगच्या कडेला, कचरा वेचणाऱ्या पोरांबरोबर. आमच्या समितीने (नाव घेत नाही) हीच अट घातली. आधार काय, तर फोटोव्हॉइस मांडणाऱ्यांपैकी एक, कॅरोलिन वांग यांचा 2001 चा लेख. त्यात तसं म्हटलंय, मान्य. पण तो अमेरिकेतल्या फ्लिंट शहराच्या अनुभवावर आहे. जिथे घर कधी पाडतील याचा भरवसा नाही, तिथे 15 वर्षांच्या पोराने सहीचा कागद पुढे केला की लोक विचारतात, "कसला सर्व्हे?" आणि आत जातात. शेवटी पोरांनी माणसं टिपणंच सोडलं. पाण्याचे निळे पिंप, त्यांना साखळी नि कुलूप, असे ढीगभर फोटो आले. एकेक फोटो जबरदस्त, पण पाण्यावरून भांडणाऱ्या ज्या बायकांबद्दल पोरं थांबता थांबायची नाहीत, त्या एकाही फोटोत नाहीत. अट बदलायचा अर्ज केला तर "पुढच्या बैठकीत पाहू". ती बैठक होईस्तोवर निम्मी पोरं कामाला लागून पांगली.

तुमचा तर हंगाम ठरलेला. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, म्हणजे दसऱ्याआधी मंजुरी हातात हवी. मी काही वकील नाही, पण अर्जात सरळ लिहा: फोटो काढताना तोंडी विचारणार, बाहेर दाखवताना वेगळी संमती घेणार. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत समितीच्या मंजुरीने तोंडी संमतीला वाव आहे; ते पानच जोडून द्या. मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, दिसत असेल तो फोटो मात्र कुणी कितीही हो म्हटलं तरी प्रदर्शनात लावू नका. त्याच्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, निस्तरावं घरच्यांना लागतं.

आणि फॉर्ममध्ये "छायाचित्रांचे सर्व हक्क संस्थेकडे" असं वाक्य सापडलं तर भांडा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा, इथे ती पोरं. फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन पहिल्याच दिवशी बंद करून द्या, नाहीतर चेहरा झाकूनही कोपी (मजुरांची झोपडी) कुठे आहे ते फाइलच सांगते.