'चल्ला', 'हल्ला' की 'खला'?

मुलीकडे न्यू जर्सीला गेलेल्या एका बाईंचा प्रश्न आहे. शेजारच्या ज्यू घरातून शुक्रवारी वेणीसारखा गुंफलेला, अंडी घातलेला, पिवळसर मऊ पाव आला. घरच्यांनी तो चहाबरोबर उभ्या उभ्या संपवला. 'याला चल्ला म्हणायचं ना? आणि मराठीत काय म्हणू?'

'चल्ला' नको. तो 'च' निव्वळ इंग्रजी स्पेलिंगमुळे घुसलाय. तिथली पहिली दोन अक्षरं घशातल्या खरखरीत उच्चारासाठी आहेत. संगीतकार बाखच्या नावातही शेवटी तीच आहेत, आणि त्याला कुणी 'बाच' म्हणत नाही. मूळ हिब्रू अक्षराचा उच्चार आज इस्राएलमध्ये बहुतेक जण अरबी 'खबर'मधल्या ख-सारखा करतात, तर येमेनी ज्यूंच्या तोंडी तो अरबी 'हलवा'मधल्या ह-कडे झुकतो. त्यामुळे 'खला' आणि 'हला' दोन्ही चालतील. ('हला' म्हटलं की मला संस्कृत नाटकांतल्या सख्याच आठवतात, त्या एकमेकींना अशीच हाक मारतात.) 'हल्ला' मात्र टाळावा, नाहीतर दर शुक्रवारी संध्याकाळी टेबलावर दोन हल्ले होतील! मी 'खला' लिहितो. हिब्रूत शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'ती खला, खलेचा तुकडा', शाळेसारखं.

दोन म्हणालो ते खरंच. शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, जेवणाला कापडाखाली दोन खला झाकून ठेवतात. बायबलच्या कथेत ज्यूंच्या पूर्वजांना वाळवंटात आकाशातून मिळणारा मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेलं अन्न, शब्बाथच्या आदल्या दिवशी दुप्पट मिळे, त्याची ही आठवण. जेवणात मांस असलं तर दूधदुभतं चालत नाही, म्हणून पिठात लोणी न घालता तेल घालतात. तरी तो मऊपणा येतो, तो अंड्यांमुळे. रोश हशानाला, म्हणजे नववर्षाला, खला गोल वळतात आणि मधात बुडवून खातात.

आता मराठी शब्द. 'वेणीपाव' पटकन सुचतो, कानालाही बरा लागतो. तीन पेडांची असेल तर 'तिपेडी पाव' आणखी छान. पण 'खला' या शब्दात वेणी कुठेच नाही. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात सांगितलंय की मळलेल्या पिठातला पहिला भाग देवासाठी वेगळा काढावा. त्या काढलेल्या भागाचं नाव खला. पूर्वी तो याजकाला जाई. आता जेरुसलेमचं ते मंदिर नाही, म्हणून साधारण ऑलिव्हएवढा गोळा काढून जाळतात. बाजूला काढलेल्या गोळ्याचं नाव उरलेल्या पावाला चिकटलं! आपण जेवणाआधी गोग्रास काढतो. उद्या उरलेल्या पोळीलाच कुणी गोग्रास म्हणू लागलं तर जसं होईल, तसंच.

पेडांची वेणी हा मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंचा, अश्केनाझींचा थाट. जर्मनीतले ज्यू याच पावाला 'बेर्खेस' म्हणत. आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, बेने इस्राएलांची, ओळख वेगळी. पूर्वी शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून ते 'शनिवार तेली', आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने ते करतात तो पोहे-नारळ-साखरेचा मलिदा. (मलिदा 'खाणारे' आपल्याकडे वेगळेच असतात, तो भाग निराळा.) त्यामुळे त्यांच्याकडून उसना घ्यावा असा तयार शब्द मला दिसत नाही.

म्हणून बाईंना माझं सांगणं: शेजारणीशी बोलताना 'खला' म्हणा, नातवंडांना 'वेणीपाव' सांगा. 'पाव' तरी कुठे आपला? तोही पोर्तुगिजांकडूनच आलाय.